औषधाच्या कपाटाची किल्ली

माय,

पुस्तकाची शेवटची प्रुफं आठ दिवसांपासून जेवणाच्या टेबलावर पडून आहेत, आणि खून कोणी केला हे मला, म्हणजे ते पुस्तक लिहिणाऱ्या बाईलाच, कळेनासं झालं आहे. तू असतीस तर हसली असतीस. माझं पहिलं पुस्तक वाचून झाल्यावर चष्मा काढत तू एवढंच म्हणाली होतीस, "इतकी माणसं मारतेस, एखाद्याची नाडी तरी पाहत जा." ते एकच पुस्तक तू वाचलंस. नंतरची पाच तू गेल्यावर आली, आणि त्या प्रत्येकात कोणी ना कोणी वाकून पडलेल्या माणसाची नाडी पाहतंच. हे सातवं.

आम्ही अजून ऊर्जानगरातच आहोत. तुझे जावई पहिल्या पाळीला कंपनीच्या बसनं निघून गेले की मी दोरीवरच्या कपड्यांवरची वीजकेंद्राची राख झटकते, चहा करते आणि टेबलाशी बसते. जिन्यात शेजारच्या बाया भेटल्या की विचारतात, "या वेळेस कोणाले मारून राह्यल्या मॅडम?" प्रकाशकांनी मुखपृष्ठाचं चित्र मोबाइलवर पाठवलं तर त्यात झाडीतून वाघाचे डोळे चमकत होते. पुस्तकात वाघ नाही, असं मी कळवलं. चंद्रपूर म्हटलं की वाघ लागतोच, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस भांडून तो वाघ मी काढायला लावला. अशी भांडणं मला जमतात. इतक्या वर्षांत सवय झाली आहे. पण मग पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला.

आधी गोष्ट सांगते, म्हणजे तुला कळेल. जंगलातल्या गावातला सरकारी दवाखाना. साप चावलेल्या एका ठेकेदाराला तिथं आणतात. विषावरचं औषध कपाटात आहे, पण कपाटाची किल्ली सापडत नाही आणि तो मरतो. शेवटच्या प्रकरणात उघड होतं की किल्ली डॉक्टरनं मुद्दाम लपवली होती. संपादकबाई वयानं माझ्या निम्म्या असतील, पण फार बारकाईनं वाचतात. त्या म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. मी सगळे धागे कागदावर मांडून पाहिले. डॉक्टरकडे किल्ली असल्याचं तुम्ही कुठंच दाखवलेलं नाही. उलट तिसऱ्या प्रकरणात नर्स स्वयंपाकघरात येते तेव्हा तिच्या कमरेला जुडगा खोचलेला आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मला तर वाचताना वाटलं, नर्सनंच मारलं."

मी म्हटलं, चूक झाली असेल, पाहते. फोन ठेवला आणि तिसरं प्रकरण काढलं. वाक्य होतं. माझंच होतं. ते मी कधी लिहिलं ते मात्र आठवेना.

ज्या दिवसावरून ही गोष्ट सुचली तो तुला वेगळा सांगायची गरज नाही, पण मला स्वतःला तो एकदा ओळीनं मांडून पाहायचा आहे. तू पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात नर्स होतीस, आणि आपण दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी अकरा वर्षांची. धानाची निंदणी चालू होती आणि शाळेला सुट्टी होती. डॉक्टर मीटिंगसाठी चंद्रपूरला गेले होते, कपाटाची किल्ली तुझ्या हवाली करून. सकाळी दहा-साडेदहाला चार जण साप चावलेल्या एका माणसाला खाटेवर घालून घेऊन आले. त्याला मी ओळखत होते, सगळं गावच ओळखत होतं. त्याची बायको महिन्यातून एकदा तरी तुझ्याकडे पट्टी बांधून घ्यायला यायची. कधी कपाळ, कधी मनगट. "पडली," म्हणायची. तू काही न बोलता आयोडीन लावायचीस.

मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडते आहे. तू आत येतेस. पांढरी साडी, घामानं पाठीला चिकटलेली. म्हणतेस, "कपाटाची किल्ली पाहिली काय वो?" मी नाही म्हणते. तू खिळ्यावर पाहतेस, डब्यांच्या मागे पाहतेस, गादी उचलून पाहतेस. मग शोधणं थांबवतेस. माठातलं पाणी घेतेस, उभ्यानंच पितेस. दुसरा गिलास भरतेस, तोही पितेस. खिडकीबाहेर पाहत राहतेस. बाहेर माणसं ओरडताहेत. आणि तुझ्या कमरेला, निऱ्यांच्या बाजूला, किल्ल्यांचा जुडगा आहे.

आहे का? इथंच सगळं अडलं आहे. तो मला आजही दिसतो, त्यातली एक किल्ली जरा गंजलेली आहे हेसुद्धा दिसतं. पण चाळीस वर्षं झाली, आणि त्यातली वीस वर्षं मी खोट्या किल्ल्या, रक्ताचे खोटे डाग, खोट्या वेळा रचण्यात घालवली. खऱ्यासारखं दिसेल असं खोटं लिहिणं हाच माझा धंदा. मग ती गंजलेली किल्ली मी पाहिली की नंतर घडवली, हे कोणी सांगावं?

थोड्या वेळानं तू "सापडली" म्हणत बाहेर पळालीस. कुठं सापडली ते कोणी विचारलं नाही. तू इंजेक्शन दिलंस. तासाभरात तो गेला. डॉक्टर नसताना ते औषध द्यायला नर्स घाबरायची, त्यानंही कोणी दगावलं तर नोकरी जायची, हे मला फार उशिरा, दुसऱ्याच एका पुस्तकासाठी माहिती गोळा करताना कळलं. त्या खिडकीशी तू भीतीनं उभी होतीस का? की आठवत होतीस, किल्ली कुठं ठेवली ते?

त्याच दिवशी दुपारी मी तुला म्हटलं, "माय, किल्ली तुझ्या कमरेलेच होती न?" तू भाजी चिरत होतीस. विळी बाजूला ठेवलीस. तू मला कधी मारलं नाहीस, तेव्हाही नाही, पण तुझा तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. "पाहिलं तेवढंच सांगावं. पाहिल्यासारखं वाटलं, ते सांगू नाई. माणसाचं आयुष्य जाते त्यानं." संध्याकाळी बुद्धवंदनेला बसलो. पंचशील तू सांगायचीस आणि मी मागून म्हणायचे. त्या दिवशी तू म्हणालीस, आज तू सांग. आणि खोटं न बोलण्याचं शील तू मागून म्हटलंस की गप्प राहिलीस, तेही मला आठवत नाही. तुझं ते बोलणं मात्र मी माझ्या गुप्तहेराच्या तोंडी घातलं. वाचकांना ते फार आवडतं. तू मला खरं बोलायला शिकवत होतीस की गप्प करत होतीस, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलंच नव्हतं.

आणि डॉक्टर! त्यांच्याबद्दल तर मला शरमच वाटते. त्यांनी मला पहिलं शाईचं पेन दिलं होतं, त्या दिवशी ते गावातही नव्हते, आणि मी त्यांना तीनशे पानं खुनी करून ठेवलं.

गेल्या मंगळवारी मी त्या गावाला जाऊन आले. चंद्रपूरहून पोंभुर्ण्याची बस, पुढं ऑटो. त्या माणसाची बायको अजून तिथंच आहे हे मला ठाऊक होतं. तुला न्यायच्या दिवशी ती आली होती, कोणाशी न बोलता शेवटपर्यंत बसून होती. आता पंचाहत्तरीच्या पुढं असेल. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि ती काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "नर्सबाईची पोरगी काय तू? चालणं तसंच हाय."

मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. लेकरं कुठं आहेत, धान कसं झालं. माझा गुप्तहेर असंच करतो, आधी इकडचं तिकडचं. तिनं चहा केला, बशीत ओतून दिला. मग तीच म्हणाली, "तू काई चहा प्यायले नाई आली."

मी म्हटलं, "बाई, तुमचे मालक गेले त्या दिवशीचं विचारायचं होतं. मी पुस्तकात दवाखान्याचं लिहून राह्यली."

ती बराच वेळ फुलं सारखी करत राहिली. मला वाटलं, उठून जाईल. पण ती बोलायला लागली, आणि मी ज्यासाठी गेले होते ते सोडून भलतंच सांगायला लागली.

"तो गोठ्यात होता. मी चुलीपाशी. त्यानं हाक मारली, साप चावला म्हणे. मले वाटलं पिऊन हाय." थांबली. "नाई. आता कायले खोटं बोलू, माहे दिवस किती राह्यले? मले समजलं होतं. हाक वेगळी होती. मी भात उतरवला. पेज काढली. झाकन ठेवलं. अंगण झाडलं. मंग गेली. तवरिक तो दारापरेंत सरकत आला होता. मंग म्या लोकं बोलावले."

मी रिकामी बशी खाली ठेवली.

"दवाखान्यात तुह्या मायनं विचारलं, कवा चावला. म्या म्हटलं, आत्ताच. तिनं पायाकडे पाह्यलं. सूज मांडीपरेंत होती. मंग माह्याकडे पाह्यलं. असं पाह्यलं पोरी, का मले वाटलं आता सांगते हे सगळ्यायले. पण तिनं कागदावर 'आत्ताच' लिवलं. आन् माह्या बाजूनं आतमंधी गेली. मी दारातच बसून होती."

"मग?"

"मंग काय. तो मेला. तुही माय इथी होती तवरिक दर बाजाराच्या दिवशी माह्या घरी ये. बसे. त्या गोष्टीचं एक अक्षर नाई काढलं कधी. तिनं नाई, म्याबी नाई." पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुले सांगतलं. आता तू पुस्तकात लिवशील?"

"नाही," मी म्हटलं.

"लिव न. मले काऊन भेव? पण तिचं नाव नको घालू."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून हिशेब जुळवत होते आणि तो जुळत नव्हता. तू तिच्याकडे पाहिलंस, तिला काय हवं आहे ते तुला कळलं, आणि मग तू किल्ली शोधायला आत आलीस. असं झालं का? की सूज पाहून तुला कळलं, आता औषधाचा उपयोग नाही, आणि चार लोकांसमोर तसं म्हणवलं नाही म्हणून तू आत येऊन पाणी प्यायलीस? की किल्ली खरंच हरवली होती, जशी कोणाचीही हरवते? तीनही गोष्टी मी लिहू शकते. तीनही वाचकाला पटतील. किल्ली पंधरा मिनिटं आधी सापडली असती तर काय फरक पडला असता, अंगण झाडायला किती वेळ लागला, कोणाच्या उशिरानं तो गेला, का कोणाच्याच नाही, फक्त सापामुळं? मला दर वेळी वेगळं उत्तर येतं. आणि खरं सांगू, त्या बाईची मला भीती वाटली नाही, चीडही आली नाही. तिचा गरम चहा माझ्या पोटात होता. तुझ्याबद्दल मात्र मला काय वाटतं आहे, ते ठरत नाही. कधी तुझ्या पाया पडावंसं वाटतं, कधी तुला दोन्ही खांद्यांना धरून हलवावंसं वाटतं.

आज सकाळी संपादकबाईंना फोन केला. पुस्तक सोमवारी छपाईला जायचं आहे. मी सांगितलं, तिसऱ्या प्रकरणातलं जुडग्याचं वाक्य काढून टाका. डॉक्टरलाही सोडा. पंधराव्या प्रकरणात मी एक पान बदलून पाठवते, किल्ली कपाटामागे पडलेली सापडते, ठेकेदाराच्या भागीदारानं सरकवलेली. भागीदार पहिल्यापासून होताच, त्याच्यावर संशय घ्यायला जागाही आहे. पुस्तक आधीपेक्षा बरं होईल.

"हो, हे बसतं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण मॅडम, नर्सचं ते वाक्य फार छान होतं हो. खरं वाटत होतं. नक्की काढायचं?"

"काढा," मी म्हटलं. "तिच्याकडे किल्ली नव्हती. मी जाऊन विचारून आले."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे.

विचारलं नव्हतं, माय. निघताना ती बाई मला फाटकापर्यंत सोडायला आली होती. काठीवर भार देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अजून काई विचाराचं हाय काय तुले? विचारून घे." तू आत गेलीस आणि बाहेर आलीस, दोन्ही वेळा ती दारात, तुझ्यापासून दोन हातांवर बसलेली होती. तुझ्या कमरेला काय होतं ते तिनं पाहिलं असणार. मी नाही म्हटलं, आणि ऑटोत बसले.