निळ्या जाळ्या

३ एप्रिल, मंगळवार

धाकटे,

ताईचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तू बरी आहेस असं मीच धरून चालते, कारण तू कळवायची नाहीस आणि मी विचारायचं सोडायची नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. शाळा लवकर सुटली, नंतर हातात पेन कमी आणि पाना जास्त. लागेल तसं वाच.

तुझ्या भावोजींचा गुडघा तसाच आहे. दुखतो तेव्हा ते गुडघ्याशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत. मागच्या खोलीचं छत गळायचं थांबलं. शेजारीण तुझी चौकशी करते. मी सांगते, मजेत आहे. पुढे काही विचारायला लागली की मी गाडी चालू करते.

गाडीवरूनच लिहायला बसले आहे. जीप फार तापते गं. वर खाणीवर पाण्याचे कॅन आणि किराणा पोचवायचा म्हणजे सगळा चढच. अर्ध्या वाटेवर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकतो आणि पायाखाली चूल पेटल्यासारखं होतं. चपलेचा तळ मऊ पडला, खोटं नाही सांगत. मिस्त्रीनं रेडिएटर धुतला, पंखा बदलला, पाण्याचा पंप बदलला. काही फरक नाही. मग म्हणाला, "ताई, आतली गरम हवा आतच कोंडते. तिला बाहेर पडायला वाट नाही. बॉनेटला जाळ्या बसवा."

नव्या जाळ्या आपल्या जुन्या जीपला बसत नाहीत, बाक वेगळा असतो. म्हणून भंगारात गेले. तो भंगारवाला, सगळे त्याला घुबड म्हणतात तोच, मला म्हणाला, "तुम्हाला काय हवं ते तुम्हीच शोधा, मला माझं घर सापडत नाही." शोधलं. मागच्या कोपऱ्यात, दारांच्या ढिगाखाली एक आख्खं बॉनेट सापडलं. हातानं बनवलेल्या दोन जाळ्या होत्या त्याला. पत्र्याच्या पट्ट्या, माशाच्या कल्ल्यासारख्या उचललेल्या.

बसवल्या मीच. मिस्त्रीला म्हटलं, तू फक्त ग्राइंडर दे आणि गप्प बस. जुन्या बॉनेटमधून जाळ्या चौकटीसकट कापून घेतल्या. पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढला, तो आपल्या बॉनेटवर चिकटवला. खालून आडवी पट्टी जाते ना, ती कापायची नाही, नाहीतर बॉनेट थरथरतं. चारी कोपऱ्यांत ड्रिलनं भोकं पाडली, मग भोकापासून भोकापर्यंत कापत गेले. कडा कानशीनं घासल्या, रबराची पट्टी लावली, वरून रिव्हेट. तोंडं काचेकडे ठेवली, म्हणजे वारा वरून जाताना आतली हवा ओढून काढतो. तोंडं पुढे केली तर उलटी हवा आत कोंडते. एअर फिल्टरवर पावसाचं पाणी पडू नये म्हणून खाली पत्र्याची पन्हळ लावली.

तुझे भावोजी दारात उभे राहून म्हणाले, "आज बॉनेटला भोकं पाडतेस, उद्या माझ्या डोक्याला पाडशील."

मी म्हटलं, "गरज नाही. तिथे आधीच हवा खेळती आहे."

आता काटा निम्म्यावरच राहतो. चढ संपला तरी राहतो. पायाला गार लागतं म्हणणार नाही, पण चूल विझली.

बाकी काही विशेष नाही.

आहे. नको म्हटलं तरी लिहावं लागणार. त्या जाळ्यांच्या मागचा रंग निळा आहे. तुझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळाचा उरलेला निळा. आणि डाव्या जाळीची एक पट्टी तिरकी आहे. मी घुबडाच्या ढिगात ओळखल्या. ओळखून घेतल्या.

तुझी
ताई


२० एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहिलंस आणि लिहिलंस काय, तर "काढून टाक." ताई नाही, कशी आहेस नाही. बरं. निदान हात तरी चालतो तुझा.

काढणार होते. खरंच. पाना हातात घेतला होता. पण त्याआधी जे झालं ते ऐक, मग शिव्या घाल.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तू म्हणाली होतीस, माझे पाय भाजतात, जाळ्या बसव नाहीतर मी या गाडीत बसणार नाही. म्हणून तुझ्या नवऱ्यानं बसवल्या. दोन दिवस पत्रा ठोकत होता आणि तू शेजारी बसून हसत होतीस, त्यात ती पट्टी तिरकी झाली. मग वळणावर गाडी त्याच्यासकट दरीत गेली, आणि लोकांनी ठरवून टाकलं, रेडिएटरचा पाइप फुटला असणार, वाफ त्या जाळ्यांतून थेट काचेवर आली असणार, त्याला वळण दिसलं नसणार. दरीत रेडिएटर फुटलेला सापडलाच होता. तू ते ऐकलंस, बॅग भरलीस आणि गेलीस. मी तेव्हा काही म्हटलं नाही, कारण मलाही ते खरंच वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात चढावर माझ्याच गाडीचा पाइप फुटला. वाफ आली ना जाळ्यांतून, भसाभस. काच पांढरी झाली. मी देवाचं नाव घेतलं नाही, पाइप विकणाऱ्याचं घेतलं. चढ होता म्हणून वेग नव्हता, बाजूला घेतली.

घरी आल्यावर बॉनेट उघडून बघते तर जाळ्यांच्या निळ्या रंगावर तांबूस ओघळ. गंजाचं पाणी उकळून उडतं ना, त्याचे डाग. साबणानं घासले, रॉकेलनं घासले, निघत नाहीत. निघणारही नाहीत म्हणतो मिस्त्री.

धाकटे, मी या जाळ्या बसवण्याआधी स्वतः घासल्या होत्या. मागे काजळी होती, धूळ होती, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. ओघळ एकही नव्हता. निळा रंग स्वच्छ होता.

म्हणजे बॉनेट गाडीवर होतं तोवर वाफ आलीच नव्हती. पहिल्या धडकेतच ते उडून झुडपात अडकलं, तिथेच तर सापडलं होतं; रेडिएटर फुटला तो खाली दगडांवर. त्याची काच धुरकट झाली नव्हती. तुझ्या जाळ्यांनी काही केलं नाही.

हे तुला सांगून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. कारण काच स्वच्छ होती तर त्याला वळण दिसत होतं. आणि तो त्या वळणाला लहानपणापासून ओळखत होता, त्याच्या आईचं घरच तिथे. मग?

आणखी एक. जाळ्या वाजतात. उताराला जरा वेग आला की ती तिरकी पट्टी शिट्टी घालते, आधी बारीक, मग जाड. तुला आठवत असेल. मला आठवत नव्हतं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी मागच्या सीटकडे बघितलं. कॅन होते, रिकामे. मग आरसा जरा वाकडा करून ठेवला, मागची सीट दिसू नये म्हणून. मी भित्री नाही. पण आरसा अजून वाकडाच आहे.

ताई


६ मे

धाकटे,

हे पत्र बसून वाच. जवळ कुणी असेल तर त्याला बाहेर पाठव.

तुझी सासू अजून त्या वळणावरच्या घरात एकटी राहते. मी एवढी वर्षं तिथून जाते, हात करते, ती कधी करते कधी नाही. दिसतं कमी, ऐकू मात्र सगळं येतं तिला. मी कधी थांबले नाही. आपल्याकडे उतारावर गाडी कुणी थांबवत नाही, तुला माहीत आहे. ब्रेक तापलेले असतात, गिअरमध्ये धरून सावकाश उतरायचं. त्याचाही तोच नेम होता. दुपारी खाली येताना आई डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि तो चालत्या गाडीतून हात लांब करून घ्यायचा. तू चिडायचीस, "मी रांधते आणि हा आईच्या हातचं खातो, तेही धावत्या गाडीत, चोरासारखा."

काल दुपारी खाली येत होते. वळणाच्या आधीच्या सरळ पट्ट्यावर गाडीनं वेग घेतला आणि जाळ्या वाजल्या. वळणाला लागले आणि समोर म्हातारी. कडेला नाही. रस्त्यात. मधोमध. दोन्ही हातांत डबा पुढे धरलेला.

ब्रेकवर उभीच राहिले मी. गाडी दरीकडे घसरली, मागचं चाक खडीवर गेलं, कॅन एकमेकांवर आपटले. थांबली. दरीच्या कडेला थांबली, पण थांबली. माझी रिकामी होती म्हणून. त्याच्या गाडीत खाणीतला दगड भरलेला असायचा.

उतरले ते ओरडतच. "मावशी, मरायचंय का? रस्त्यात काय उभी राहतेस?"

तिनं मान वाकडी करून ऐकलं. आवाज बाईचा आहे हे कळल्यावर तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. म्हणाली, "थोरली का गं? मला वाटलं..." गाडीजवळ आली, बॉनेट चाचपत चाचपत त्या तिरक्या पट्टीवर बोट ठेवलं. बॉनेट तापलेलं होतं. बोट काढलं नाही.

मी म्हटलं, "मावशी, बाजूला चल आधी."

ती म्हणाली, "त्या दिवशी त्याचा खांदा दुखत होता. सकाळी वर जाताना सांगून गेला होता. त्याची बसायची जागा या बाजूला, घर त्या बाजूला, रोज आडवा होऊन हात लांब करायचा. म्हटलं, आज आपणच पलीकडे जाऊ, त्याच्या खिडकीशी. शिट्टी ऐकली आणि निघाले. मला वाटलं अजून लांब आहे."

इतकंच. रडली नाही. एखादी बाई सांगते ना, भांडं हातातून सुटलं, तसं सांगितलं.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी तिथेच विचारलं, "आणि माझ्या बहिणीनं स्वतःला जबाबदार धरलं, घर सोडलं, तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

म्हणाली, "ती तरुण होती. तिला दोष घेऊन दुसरीकडे जाता आलं. मी कुठे जाणार होते? माझं घर वळणावरच आहे."

मला राग आला होता, चांगला पोटातून. पण ती पुन्हा डबा पुढे करून उभी होती, माझ्याकडे नाही, गाडीच्या खिडकीकडे. मी घेतला. गरम होता. दुपारचं ताजं जेवण होतं आत, एका माणसाचं. ती हा डबा शिट्टी ऐकल्यापासून भरते आहे की आधीपासून रोज भरत होती, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

तिला हाताला धरून घरात नेलं. दाराशी ती म्हणाली, "त्या जाळ्या काढणार आहेस?"

मी म्हटलं, "धाकटी म्हणते काढ."

"तिनं वाजताना ऐकल्यात का, तो गेल्यावर?"

मी नाही म्हटलं.

"मग तिला काय कळणार," असं म्हणून तिनं दार लावलं. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "तिला सांग. मला नाही जमायचं."

म्हणून सांगते आहे. तू केलं नाहीस. तुझ्या जाळ्यांनी केलं नाही. त्यानं आईला वाचवलं, आणि त्यासाठी त्याला नीट दिसत असणं भाग होतं. काच स्वच्छ होती ती याचसाठी. आता हे कळल्यावर तुझं ओझं कमी होईल की तिच्यावर राग धरून दुप्पट होईल, मला माहीत नाही. तिच्यावर रागवायचं असेल तर रागव, तुझा हक्क आहे. पण लांबून, कार्डावर दोन शब्द लिहून रागवू नकोस. येऊन रागव. तिला ऐकू चांगलं येतं.

जाळ्या अजून काढलेल्या नाहीत. काढल्या तर गाडी तापेल, ते मी सोसेन. पण वाजल्या नाहीत तर ती दुपारभर रस्त्याच्या कडेला कान लावून बसेल, आणि वाजल्या तर रस्त्यात येईल. दोन्ही मला सोसायचं नाही. म्हणून आज मी उताराला पहिल्याच गिअरमध्ये, वर ब्रेक धरून आले, माणूस चालतो तशी. जाळ्या गप्प होत्या. म्हातारी कडेला उभी होती, डबा घेऊन. मिस्त्री म्हणतो असे ब्रेक धरलेस तर महिन्यात जळतील. जळू देत.

काढायच्या की ठेवायच्या ते तू ठरव. पानाही तूच धर. येशील त्या दिवशी आपण दोघी वरून खाली येऊ, आणि मागच्या सीटवर कॅन ठेवणार नाही, आरसाही सरळ करीन.

वळणावर थांबते,
तुझी ताई