डर्बीशायरभोवतीचा समुद्र

एल्डरलो,
जुलैचा शेवटचा रविवार

मिलीताईस धाकट्या क्लेमेंटचा नमस्कार. वाकवेल तेवढं वाकून केला आहे (कंबर अजून तशीच आहे).

तुझी प्रकृती ठणठणीत असेलच. समुद्राची हवा माणसाला मरू देत नाही, असं तू दर पत्रात लिहितेस. इकडे पाऊस आहे, गाई आहेत, मीही आहे. लग्न होऊन मेबलथॉर्पला गेलीस तेव्हापासून तू मला बोलावते आहेस, पण धारा काढायच्या सोडून कोण येणार? शिवाय आमच्या डर्बीशायरचं समुद्रावाचून आजवर काही अडलेलं नाही, असं मी कालपर्यंत चारचौघांत म्हणत असे. आता म्हणत नाही. का ते सविस्तर लिहितो.

दर उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर सजावटीला उभं करतात ते फुलापाकळ्यांचं चित्र बाबांच्या मागे मीच आखत आलो, हे तुला ठाऊकच आहे. यंदा बायबलातला, खडकातून पाणी काढणारा मोशे करायचं मनात होतं. पण समितीच्या नव्या अध्यक्ष ओलेरेनशॉबाई (शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्याच; निवृत्त झाल्यापासून त्यांना अख्खं गाव चौथीचा वर्ग वाटतं) म्हणाल्या, मोशे पुरे झाला, यंदा सबंध परगण्याचं विहंगम दर्शन घडवायचं. बाई स्वतः जलरंगात मेंढ्या काढतात आणि माझ्या पेन्सिलीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा आहे. म्हणजे यंदा चूक झाली की पेन्सिल गेली. हे मला कळत होतं, आणि बहुधा गाईंनाही, कारण त्या आठवड्यात दूध कमी आलं.

रीतीप्रमाणे फळ्या तळ्यात भिजवल्या, मीठ कालवलेली चिकणमाती अनवाणी पायांनी तुडवली, फळ्यांवर थापली आणि तिच्यावर मी परगणा आखला. उत्तरेचे डोंगर शेवाळाचे झाले. चित्रात देवाने केलेलंच लावायची रीत, तेव्हा पूर्वेच्या खाणींसाठी खरा कोळसा चालेल का, कोळसा देवाने केलेला की कंपनीने, यावर एक संध्याकाळ खर्ची पडली. शेवटी कॉफीच्या बिया चिकटवल्या. चेस्टरफील्डच्या चर्चचा वाकडा मनोरा माझ्या हातून सरळ आला म्हणून निम्मी समिती रुसली. डर्बी शहराला टॉम बॅगशॉने (आपला शेजारी, अजून तसाच चिक्कू आहे) मूठभर भोपळ्याच्या बिया दिल्या आणि म्हणाला, "शहराला एवढं बास." दक्षिणेच्या सपाट भागात आपल्यापैकी कुणी गेलेलंच नाही, तेव्हा तिथे पिवळं काहीतरी लावून मोकळे झालो.

आता परगण्याच्या हद्दीबाहेर काय लावायचं, हा प्रश्न आला. टॉम म्हणाला, यॉर्कशायरवाल्यांना माझ्या बागेतली एक पाकळी मिळायची नाही. नॉटिंगहॅमशायरबद्दल बायकांचं मत त्याहून वाईट निघालं आणि स्टॅफर्डशायरचं तर नावही कुणी काढू देईना. इकडे आभाळासाठी म्हणून निळ्या हायड्रेंजियाच्या टोपल्या भरून खुडलेल्या, आणि वरून पाहिलेल्या परगण्याला आभाळ कुठून असणार? फुलं वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही ती चारी बाजूंनी लावून टाकली. फळ्या आडव्या असतात आणि प्रत्येकाचं नाक आपापल्या चार बोटं जागेत खुपसलेलं असतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

आज सकाळी फळ्या विहिरीवर उभ्या केल्या तेव्हा सगळ्यांना दिसलं. डर्बीशायर भर समुद्रात उभं होतं.

बँड मध्येच थांबला. पाद्रीसाहेबांनी क्षणभर पाहिलं आणि विहिरीबरोबर दर्यावर फिरणाऱ्या खलाशांसाठीही प्रार्थना केली. ग्रॅटन आजी मात्र खूश झाल्या. "क्लेम, यॉर्कशायर बुडवलंस ते ब्येस केलंस बघ!" ओलेरेनशॉबाईंनी चष्मा पुसून विचारलं, "मिस्टर फर्निस, आपल्याला समुद्र कधीपासून मिळाला?" मी म्हणालो, शेजारी पाहता तोच बरा नाही का. गाव हसलं, बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी समितीची बैठक बसणार असं तिथेच ठरलं. मला काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. ती पेन्सिल गेली तर मी नुसता गाईंचा माणूस उरतो.

असो. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
क्लेमेंट

ता. क. बैठक झाली. चूक कशी झाली असं विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं की माझी बहीण समुद्राकाठी अंथरुणाला खिळली आहे, त्यामुळे डोळ्यांपुढे सारखा समुद्रच येतो. टॉमने नाक पुसलं. पेन्सिल माझ्याकडेच राहिली. तेव्हा तू आजारी आहेस हे ध्यानात असू दे.

ता. क. दुसरा. ओलेरेनशॉबाई आत्ताच येऊन गेल्या. सूप घेऊन त्या तुझी शुश्रूषा करायला माझ्याबरोबर गुरुवारी येताहेत. (त्यांना कळवळा आला आहे की संशय, ते कळलं नाही.) धारा टॉम काढणार आहे. कृपा करून गुरुवारी पडून राहा. आजार तुझा तू निवड, पण फार बोलता येत नाही असाच घे.

ता. क. शेवटचा. तुझ्या उशापासून क्षणभरही हलणार नाही, असं मी समितीपुढे कबूल करून बसलोय. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तेवढा पलंग खिडकीपाशी सरकवून ठेव.