बंद दारापुढे साहेब

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. मुलाच्या या सरकारी बंगल्यात सगळं हाताशी आहे, कपाटभर पुस्तकंही. तुझा गुडघा कसा आहे?

झोपाळ्यावर बसायला घाबरणारा तुझा भाचा आता हवाई दलात फार मोठा साहेब झालाय. हल्ली स्वतः उडत नाही, दुसऱ्यांच्या मुलांना पाठवतो. परवा त्यातल्या एकाचं विमान कोसळलं. अशी बातमी फोनवर द्यायची नसते, साहेबाने गणवेशात घरी जायचं असतं. मला म्हणाला, "आई, तू चल. बाबा गेले तेव्हा अशी बातमी ऐकणं काय असतं, ते तुला माहीत आहे."

वैमानिकाच्या आईने खिडकीतून गाडी पाहिली होती. तिने दार उघडलंच नाही. मी म्हटलं, "उघडा हो, मीही आईच आहे."

आतून आवाज आला, "मग थोडं थांबा ना. तुम्ही सांगेपर्यंत तो आहे."

ताई, एवढी पदकं लावलेला तुझा भाचा टोपी काढून जिन्याच्या पायरीवर बसला. मीही शेजारी बसले. पुन्हा दार वाजवायला त्याचा हात उठेना, आणि मी त्याला ऊठ म्हटलं नाही.

तू जिना जपून उतरत जा.

तुझी,
धाकटी