घासाआधीची नावं

४ मार्च

आजही नाही खाल्लं! दुधात भिजवलेला पाव, वर साखर. सासऱ्यांनी तोंड असं मिटलं की चमच्याची कडसुद्धा आत शिरेना. पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेली, उजवा हात गेला. हट्ट मात्र शाबूत. संध्याकाळी ह्यांच्या हातून तोच पाव, तेच दूध, वाटी चाटूनपुसून! मग माझ्या हाताला काय विष लागलंय?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन असंच उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे कळतं सगळं.

६ मार्च

ह्यांचा स्वेटर घालून भरवायला बसले. गरजवंताला अक्कल नसते!

आधी प्रार्थना केली. ही पद्धत बाबांनीच घालून दिलेली — जो भरवेल, वाढेल, त्याने देवाचे आभार मानायचे आणि आपल्या माणसांची एकेक करून नावं घेऊन त्याच्या हाती सोपवायची. मी मन लावून करते. आमेन म्हटलं, चमचा पुढे केला. तोंड बंद.

दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्रीखाली कॉलरऐवजी बाबांचे ओठच दिसत होते. एक शर्ट जळता जळता वाचला.

९ मार्च

रविवार. महिला मंडळात प्रार्थना मी चालवली. पाळकीणबाई म्हणाल्या, तुमची प्रार्थना ऐकली की गहिवरून येतं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फारच बरं वाटलं.

घरी येऊन भरवायला बसले, तर दुपारचं सूप बाबांच्या छातीवरच्या रुमालावर. मंडळाला गहिवर, सासऱ्यांचा नकार.

१० मार्च

थकले.

१२ मार्च

सापडलं. लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

संध्याकाळी हे भरवायला बसले होते, मी सिंकपाशी भांडी विसळत होते. ह्यांची प्रार्थना म्हणजे हजेरी घेतल्यासारखी. माझं नाव, मुलीचं नाव, मग "आणि ताईला सांभाळ." बाबा तोवर ओठ आवळून बसले होते. ताईचं नाव आलं आणि ओठ सुटले. आमेनच्या आधीच!

नणंदबाईंचं नाव मी घेत नाही. सासूबाईंना माती दिली त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तू उशीर केलास म्हणून आई गेली." मी उशीर केला नव्हता. अॅम्ब्युलन्सची वाट बघत मीच रस्त्यावर उभी होते, अनवाणी. तेव्हापासून त्यांचा फोन येतो तो ह्यांना. घरात पाऊल नाही. आणि माझ्या प्रार्थनेत शेजारी येतात, पाळक येतात, लॉन्ड्रीचा खडूस मालकसुद्धा येतो. ताई येत नाहीत. कुणाच्या ध्यानात येईल असं वाटलंच नव्हतं.

१३ मार्च

जीभ रेटेना! सगळी नावं झाली, आमेनवर आले, थांबले. बाबा माझ्याकडे टक लावून. मग दातओठ खात, एका दमात — "ताईंना सांभाळ."

बाबांनी तोंड उघडलं. सगळा पाव संपला.

प्रभू, माझ्या मनात तेव्हा काडीचं प्रेम नव्हतं, तुला ठाऊक आहे. तरी त्यांनी खाल्लं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

१७ मार्च

रोज नाव घेते आहे. राग गेला असं म्हणणार नाही. पण आज नाव घेताना ताईंचा त्या दिवशीचा चेहरा आठवला, रडून रडून सुजलेला. त्यांची आई गेली होती. इतके दिवस मी माझंच दुखणं कुरवाळत बसले, ते मला दिसलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी आज नळीचा विषय काढला नाही. वजन वाढलंय!

२० मार्च

दुपारच्या सुट्टीत फोन केला, इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानेच. "ताई, बाबा तुमची वाट बघतात. मीही बघते."

ताई म्हणाल्या, "रविवारी येते."

२३ मार्च

ताई आल्या. बाबांच्या डोळ्यांना नुसती धार. सूप भरवायला ताईच बसल्या, मी दाराशी उभी. ताईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. प्रार्थनेत भाऊ आला, भाची आली, त्यांचा नवरा, मुलं, सगळी आली. मी आले नाही.

आमेन. बाबांनी तोंड घट्ट मिटलं.

"काय गं झालं बाबांना?" ताईंनी मला विचारलं.

सूप अजून गरम होतं. मी खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले.