ओल्या बोटानं पुसलेली मिशी

शुक्रवार, दिनांक १५ नोव्हेंबर १९७४, भाऊबीज, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. ठिकाण : माझ्या घराचं अंगण, सातारा. या वेळी, या ठिकाणी, माझ्या दिवाळीच्या किल्ल्यावर उभ्या असलेल्या मातीच्या शिपायाची मिशी तू ओल्या बोटानं पुसलीस.

चि. मधुकर, अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद मागाहून आले म्हणून रुसू नकोस. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सांगत, तक्रारीत आधी गुन्ह्याची वेळ लिहावी आणि मग विचारपूस करावी. उलट केलं तर विचारपूस करता करता राग निवतो.) तुझा गुडघा कसा आहे? सौ. गोदावरीचा दमा थंडीनं वाढला नसावा. सांगलीत हल्ली डास फार झालेत असं ऐकते. माझी तब्येत उत्तम आहे, रागानं माणसाला भूक चांगली लागते.

आता मुद्द्यावर येते. तू विचारलं नाहीस, पण सगळ्या आळीनं विचारलं, की साठीच्या बाईला किल्ला करायचं काय सुचलं? शेजारच्या शालूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "उमाताई, नातवंडं नाहीत म्हणून स्वतःच नातवंड झालात होय?" मी चिखलाच्या हातांनीच त्यांना नमस्कार केला. तुझा हरी पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत शाळेसाठी माझ्याकडे राहिला, आणि तेव्हापासून दर दिवाळीला याच कोपऱ्यात त्याचा किल्ला असायचा, हे त्यांना माहीत आहे. मागच्या तीन दिवाळ्या नव्हता, तेही माहीत आहे. (पहिल्या वर्षी तो पलटणीत होता. दुसऱ्या वर्षी दुष्काळ, प्यायला पाणी नव्हतं तिथं चिखलाला कोण देणार? तिसऱ्या वर्षी पाणी होतं. मीच नव्हते जाग्यावर.)

हरीचे किल्ले तू कधी नीट पाहिले नाहीस. सांगलीहून यायचास, "छान" म्हणायचास आणि चकली मागायचास. इतर पोरं कुंभारवाड्यातून मावळे आणून तसेच उभे करत. हा घरी आणून त्यांची ढाल फोडी, रंग धुऊन काढी आणि प्रत्येकाला नवं माणूस करी. एकाला त्यानं पोस्टमन केलं होतं, एकाला दाढदुखीवाला, गाल बांधलेला. दुधाच्या गवळणीच्या डोक्यावरचा घडा उडवून तिथं तारेचं वेटोळं बसवलं आणि चष्मा काढला, ती मी. टेलिफोन एक्स्चेंजमधली आत्या, किल्ल्याच्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला नंबर विचारणारी. त्या किल्ल्याचा एकच कायदा होता : ज्याचं माणूस त्यानंच रंगवायचं, दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. तू तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदारी केलीस. पुरावा पुसायचा नसतो, हे मी तुला सांगायचं?

यंदा मला त्या किल्ल्यावर हरी उभा करायचा होता. केरबा कुंभाराकडे गेले. केरबा म्हणाला, "आवं बाई, साचं पाचच हायती. राजं, मावळा, गवळण, वाघ आन् पोलीस." मी म्हटलं, मला लष्करातला सेकंड लेफ्टनंट पाहिजे. तो म्हणाला, "मग पोलीसच न्या की, त्यालाबी पट्टा हाय." मी पोलीस नेणार नव्हते. मावळा घेतला आणि त्याचं पागोटं तासून टोपी करायला लावली. पागोटं गेल्यावर उलगडा झाला, की मावळ्याला कानच नसतात! पिढ्यान् पिढ्या पागोट्याखाली झाकलेले, कुणी करायची तसदीच घेतली नाही. आता हरीला नुसते कान नव्हते, सुपाएवढे होते. केरबानं दोन गोळे चिकटवले, वाळताना एक गळून पडला. दुसऱ्यांदा लावले तर एक वर एक खाली. रंगाची तीच कथा. त्याच्याकडे हिरवा एकच, पोपटी. त्यात काळा आणि पिवळा मिसळून त्यानं जो लष्करी रंग केला तो मी फक्त शिळ्या पालकाच्या भाजीत पाहिला आहे. (सैन्याची बदनामी करायचा हेतू नाही.) नाक तीनदा बदललं. पहिल्या नाकानं तो शालूबाईंच्या यजमानांसारखा दिसायला लागला, ते तर मी माझ्या अंगणात चालवून घेतलंच नसतं.

अकरा दिवस मी रोज कुंभारवाड्यात जात होते. खरं सांगू का, मधू? ते अकरा दिवस बरे गेले. सकाळी उठल्यावर विचार असायचा तो हनुवटीचा, भुवईचा, गळ्याच्या बटणाचा. एकाहत्तरच्या लढाईतली ती तार आल्यापासून मी हरीचा विचार टाळत होते, कारण विचार केला की ती तारच दिसायची. आता त्याच्या कानाची चिंता करत होते, आणि कानाची चिंता जिवंत माणसाची करतात.

मात्र एक गोष्ट जमली नाही. हरी सरळ कधी उभा राहिला आहे का? एका पायावर भार टाकून, खांदा भिंतीला लावून, एस.टी.ची वाट बघितल्यासारखा उभा असायचा. लष्करानंही त्याचं काही केलं असेल असं मला वाटत नाही. आणि हा छाती काढून, दोन्ही पाय जुळवून. मी केरबाला म्हटलं, जरा ढिला उभा कर. केरबानं हातातली काडी खाली ठेवली. म्हणाला, "बाई, टोपी बदला, नाक बदला, पायजे तर हातात छत्री द्या. पर हुभं ऱ्हानं साच्याचं असतंया. त्ये बदलाया गेलं की मोडतं." मी पुष्कळ वाद घालणारी बाई आहे. त्या दिवशी म्हटलं, बरं, तसाच राहू दे.

शेवटी मिशी काढली. ती मात्र मी स्वतः काढली, घरी, काडीला कापूस गुंडाळून. बारीक, ओठावर जेमतेम, डावीकडे जरा विरळ. सगळ्या बाहुल्यात तेवढंच एक हरीचं होतं. ती तू जिभेला बोट लावून पुसलीस आणि हळूच म्हणालास, "अक्का, हरीला मिशी नव्हती." मग सव्वापाचच्या गाडीनं गेलास. मी काहीच बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं. (केरबाचे रंग पाण्यातले. आता तोंडाभोवती काळं पसरलंय, जांभळं चोरून खाल्ल्यासारखा दिसतो.)

तर ऐक. मिशी होती. तुझ्या भिंतीवर हार घातलेला फोटो ट्रेनिंग संपल्याचा आहे, त्यात नाही, म्हणून तू म्हणतोस नव्हती. ऑगस्ट एकाहत्तरमध्ये रजेवर आला तेव्हा तो आधी साताऱ्याला उतरला. सकाळी साडेसहाला दारात उभा, आणि ओठावर ती चार महिन्यांची मिशी. दुसऱ्या दिवशी सांगलीला निघायच्या आधी माझ्या मोरीतल्या आरशापुढं उभं राहून त्यानं ती साफ उतरवली. का? तर बाबा काय म्हणतील! तुझ्या घरात शिस्त म्हणजे गुळगुळीत गाल, हे पोरानं लहानपणापासून पाहिलेलं. त्या मिशीचा फोटो कुठं नाही. गोदावरीनं पाहिली नाही, तू पाहिली नाहीस. साऱ्या साताऱ्या-सांगलीत ती दोनच ठिकाणी शिल्लक होती, माझ्या डोळ्यांत आणि त्या मातीच्या ओठावर. पैकी एक तू पुसलीस. तुझ्या धाकानं ती एकदा उतरली, तुझ्या बोटानं दुसऱ्यांदा. याचं मला स्पष्टीकरण पाहिजे.

गुडघ्याला गरम विटेचा शेक घे. गोदावरीला रात्री दही देऊ नकोस.

तुझी थोरली बहीण,
उमा

ता. क. चिवड्याचा डबा तू रिकामा ठेवून गेलास. तो राहू दे, त्याबद्दल तक्रार नाही.

ता. क. दुसरा. वरचं पत्र पुन्हा वाचलं. पाकीट अजून चिकटवलं नाही, म्हणून हे लिहिते. फाडून नवं लिहायचं धैर्य नाही. तुझ्या धाकाचं मी लिहिलं ते खोटं आहे. हरी तुझं नावही बोलला नव्हता. दार उघडलं, त्याला पाहिलं, आणि मी हसले. नुसती हसले नाही, "सर्कशीतला रिंगमास्टर आला गं बाई" म्हणाले, आणि दिवसभर चहा देताना, जेवायला वाढताना तेच म्हणत राहिले. माझी जीभ तुला ठाऊक आहे. तोही हसत होता. "आता ही बाबांना दाखवणार का?" असं मी संध्याकाळी त्याला म्हटलं, तेव्हा मात्र त्यानं विचारलं, "आत्या, इतकी वाईट दिसते का?" मी म्हटलं, इतकी. सकाळी मोरीत पाण्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा ओठ कोरा, आणि तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ. तेव्हा मी पहिल्यांदा गप्प झाले होते. वाईट दिसत नव्हती, मधू. त्याला शोभत होती. हे त्याला सांगायचं राहिलं. पुढच्या रजेत सांगेन असं म्हटलं होतं.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच आहे. ती मिशी घेऊन तो तुझ्या दारात आला असता, तर तू काय म्हणाला असतास? रागावला असतास तर तसं लिही. माझ्यासारखा हसला असतास तर तसं लिही. "छान दिसतोस रे" म्हणाला असतास, तर तेही लिही, मला वाचवायला लपवू नकोस. गोदावरीला विचारून लिहू नकोस, स्वतःच्या हातानं लिही. पौर्णिमेला, शुक्रवारी २९ तारखेला, मी किल्ला मोडणार आहे. तुझं लेखी उत्तर गुरुवार, २८ नोव्हेंबर, दुपारच्या टपालापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. तोपर्यंत त्याच्या तोंडावरचं मी पुसत नाही.