वाळूवरची तीन अंडी

१४ मे, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझे मेहुणे पोट बिघडलं म्हणतात आणि त्याच तोंडाने भजी मागतात. तुझा गुडघा कसा आहे? बेटावर काठी घेऊन जातेस, की अजून लाजतेस?

मी काढलेला नदीवरच्या सुरय पक्ष्याचा फोटो ऑफिसच्या जिन्यात मोठा करून लावलाय. पंख पसरून तीन अंड्यांवर झेपावणारी मादी. खाली साहेबांनी ‘आईची माया’ असं लिहवून घेतलं. येणारेजाणारे थांबून बघतात. मी आठवडाभर लिफ्टने जातेय.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

नावाड्याच्या कुत्र्याने घरटं फस्त केलं, म्हणून सोमवारी तुमच्या पक्षीमित्रांच्या बैठकीत त्याची होडी बेटाला लावायची बंद करणार, असं तू कळवलंस. ‘माणूस भला आहे, पण वाळूत कुत्र्याचे पाय उमटलेत, मी तरी किती पाठीशी घालू?’ पाय उमटले असतीलच. ते खोटं नाही.

पण ती जागा तू फक्त मला सांगितली होतीस. लांबून, आडोशाआडून, दहा मिनिटं, असं बजावलंही होतंस. “पाखरू म्हणजे नवरी नव्हे, जरा इकडे बघा म्हणायला!” मी हसले होते. आडोशातून पंख नीट येईनात, म्हणून पुढे सरकले. मग आणखी पुढे, पाच-सहा पावलांवर. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायची, उतरू बघायची, मी हलले की उडायची. एकच चांगला मिळू दे, मग निघते, असं मनाशी म्हणत राहिले.

काल सगळे फोटो पुन्हा पाहिले. पहिला अकरा वाजून दहा मिनिटांचा, शेवटचा बारा पंचवीसचा. एकाही फोटोत ती अंड्यांवर बसलेली नाही. उघड्या वाळूत अंडं शिजतं, हे तूच मला शिकवलंस. त्या दिवशी माझे पाय चपलेतही भाजत होते. रोजनिशीत मी लिहिलंय : ‘ऊन कडक. फोटो उत्तम.’

दुसऱ्या दिवशी तुला न सांगता परत गेले. तिन्ही अंडी जागेवर होती, जवळ पाखरू नव्हतं. तासभर थांबले. कोणी आलंच नाही. कुत्रा होडीत बांधलेला होता, दोन्ही दिवस. तो मोकळा फिरला असेल तो नंतर.

परतताना नावाडी म्हणाला, “आज पाखरं गप्प आहेत, बाई.”

“ऊन आहे ना,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो वल्हं मारू लागला. मी दोनदा गेल्याचं त्याने अजून तुला सांगितलेलं दिसत नाही. का, ते मला कळत नाही. किंवा कळतं, म्हणूनच झोप लागत नाही.

सोमवारी मी येते, मीच बोलेन. पण गाडी चुकली, किंवा मी ती चुकवली, तर हे पत्र सगळ्यांसमोर वाच, नावाड्याला पुढे बसवून. कुणाचं पत्र म्हणून विचारतील. फोटो काढणाऱ्या एका बाईचं, असं सांगू नकोस. माझ्या बहिणीचं, असं सांग.

तुझी,
धाकटी