घरात मेंदूतज्ज्ञ असताना

२ जानेवारी १९९८
ठरलं. न्यूरोसायन्समध्ये मास्टर्स करायचं. तेही विलायतेतल्या विद्यापीठातून, इथे भिंगारमध्ये बसून. धडे ईमेलने येणार, उत्तरं ईमेलने जाणार. शाळेत स्टाफरूममध्ये जाहीर केलं. आबासाहेबांनी विचारलं, प्रॅक्टिकलला एसटीने जाणार का. सगळे फिदीफिदी हसले. हा माणूस आयुष्यभर भूगोल शिकवून नगरच्या पुढे गेला नाही आणि उपमुख्याध्यापक व्हायला निघालाय. हसा लेको. डिग्री आली की त्या खुर्चीत कोण बसतं ते बघू.
संकल्प: रोज पहाटे उठून अभ्यास.

३ जानेवारी
थंडी फार. पहाटे मेंदू सुस्तच असतो, यामागे नक्की काहीतरी शास्त्र असणार. संध्याकाळी वाचीन.

१९ जानेवारी
नगरला पंकजच्या सायबर कॅफेत अर्ज भरला. एसटीडी बूथला पडदा लावला की यांचा सायबर कॅफे होतो. अर्जात प्रश्न होता, हा विषय का शिकायचाय. लिहिलं की मेंदू वापरणारी माणसं आमच्या जिल्ह्यात कमी आहेत आणि आमच्या शाळेत तर मी एकटाच. पंकज म्हणाला, सर, हे खोडा. खोडलं नाही. दोनदा लाइन तुटली, मग एकदाचा गेला.
घरी आलो तर अण्णांनी विचारलं, कुठं गेल्तास. सांगितलं. जेवताना परत विचारलं. हात धुताना परत. बापालाच पोराचं ऐकायचं नसेल तर जगाला काय बोलणार?

१४ मार्च
प्रवेश मिळाला!!! अर्ज वाचून थक्क झाले असणार.
वृषालीला सांगितलं. दुसऱ्या कुणाची बायको असती तर पेढे आणायला धावली असती. ही म्हणाली, अहो, अण्णा आज दुपारी दोनदा जेवले आणि वर शेजारी जाऊन सांगून आले की सून उपाशी ठेवते. मी न्यूरोसायन्सबद्दल बोलतोय, ही आमटी-भाताबद्दल. अशा घरात संशोधन व्हायचं कसं?

५ एप्रिल
गावी माझा जाहीर सत्कार. पाथर्डीपासून जीपने गेलो, अण्णांना पुढच्या सीटवर बसवून. आबासाहेब म्हणाले होते की डिग्रीआधी सत्कार कसला. जळतात. आमच्याकडे पोरगं फौजदारकीचा फॉर्म भरतं तेव्हाच चौकात बोर्ड लागतो. शाल, श्रीफळ, फेटा. बोर्डवर 'भूमिपुत्र, मेंदूतज्ज्ञ मा. गहिनीनाथ सर'. लगेच गावातल्या झुंबरबाई आपली डोकेदुखी घेऊन आल्या. भरपूर पाणी प्या म्हटलं. दंडवत घालून गेल्या.
सगळं छान चाललेलं, तेवढ्यात अण्णांनी माइक धरला. म्हणाले, माझ्या साळूनं ह्ये बघाया पायजे, तिला बोलवून आना कुनीतरी, घरी भाकरी थापत बसली आसंल. आई जाऊन नऊ वर्षं झाली. बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या सत्कारात हे रडगाणं कशाला? म्हाताऱ्यांना माइक देऊच नये.

२२ जुलै
पहिला पेपर पाठवला. विषय, स्मरणशक्ती. पुस्तकातला मजकूर शब्द न् शब्द उतरवला, स्वल्पविरामासकट. आमच्या वेळी बोर्डात अशा उत्तराला पैकीच्या पैकी मिळायचे. वर्गात पोरांनाही मी हेच सांगत आलोय: स्वतःचं डोकं चालवू नका, मार्क जातात.

१० ऑगस्ट
शून्य.
तिथल्या मॅडमचा ईमेल. म्हणे हे तुमचं नाही, पुस्तकाचं आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा. अहो बाई, पुस्तकात बरोबर लिहिलेलं असताना मी माझ्या शब्दांत चुकीचं कशाला लिहू? यांना पाठांतराची किंमतच नाही. दीडशे वर्षं आमच्यावर राज्य कसं केलं कोण जाणे.
घरी सांगितलं की पेपर उत्तम गेला. खोटं नाही ते. जाताना उत्तमच गेला होता.

२६ ऑक्टोबर, सकाळी
दिवाळीचा फराळ संपला नाही तोवर हा तमाशा. अण्णा वळकटी आणि कोयता घेऊन रस्त्यावर उभे. ऊसतोडीला जायचंय म्हणे, टोळीचा ट्रक येनारे, मुकादमाची उचल घेतली हाय. तरुणपणी हंगामामागून हंगाम ऊस तोडला त्यांनी. त्यावरच मी शिकलो, मान्य. पण म्हणून आता? टोळीचा ट्रक समजून अण्णांनी इथल्या छावणीच्या मिलिटरी गाडीला हात केला. जवानाने घरी आणून सोडलं, अख्खी गल्ली बघत होती.
वृषाली म्हणाली, अण्णांना पुण्याच्या डॉक्टरला दाखवूया. घरात मेंदूतज्ज्ञ असताना बाहेरचा डॉक्टर? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. तर म्हणते, पहिल्या पेपरात भोपळा मिळालेला मेंदूतज्ज्ञ. पंकजच्या तोंडात तीळ भिजत नाही.
कोयता पलंगाखाली लपवला. उपचार झाला.

१६ नोव्हेंबर
दुसरा पेपर. आपल्या जवळच्या एका माणसाच्या स्मरणशक्तीचं निरीक्षण करून लिहायचंय. खूप विचार केला. घरात निरीक्षणालायक कुणी नाही. वृषाली सामान्य. अण्णा हट्टी, आणि हट्ट हा काही आजार नव्हे. शेवटी दुसऱ्या पुस्तकातून एक विलायती म्हातारा उचलला. काय विलक्षण केस! तेच तेच विचारतो, जेवलेलं विसरतो, वारलेल्या बायकोला हाका मारतो, जुन्या कामावर जायला निघतो. अंगावर काटा आला उतरवताना. असे रुग्ण आपल्याकडे बघायलाही मिळत नाहीत, हेच आपल्या देशाचं दुर्दैव.
लिहिताना अण्णा तीनदा येऊन विचारून गेले की ट्रक आला का. शेवटी दाराला कडी लावली.

८ डिसेंबर
परत शून्य. मॅडमकडे तेच पुस्तक निघालं. फेब्रुवारीत शेवटची संधी, नाहीतर नाव कापणार. कापा! विद्यापीठं काय, छप्पन्न मिळतील.
संकल्प: उद्यापासून जोरात.

१५ फेब्रुवारी १९९९
पेपरची तारीख गेली. कारण, अण्णा. परवा सकाळी दूध आणायला म्हणून निघाले ते आलेच नाहीत. दोन दिवस नुसती धावपळ. माळीवाड्याचं स्टँड, दवाखाने, गावाकडच्या जीपा. शेवटी श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यावरून निरोप आला. ऊसतोडवाल्यांच्या तळावर बसले होते, प्रत्येकाला आपली कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, कुठंय विचारत. तिथल्या एका बाईने त्यांना भाकरी दिली होती आणि स्वतःची वाकळ पांघरली होती. माझ्याबरोबर यायला तयार नव्हते. जीपमध्ये भिंगार येईपर्यंत माझी बाही घट्ट धरून बसले.
तसाच पंकजकडे गेलो आणि मॅडमला खरमरीत ईमेल ठोकला. उशीर का झाला, हे सगळं सगळं लिहिलं. ट्रक, कोयता, आईला मारलेल्या हाका, शेजारी जाऊन केलेली तक्रार, ती धरलेली बाही. पुस्तक नव्हतं, डिक्शनरी नव्हती, इंग्रजी सुचेल तसं. खाली लिहिलं, अशा घरात कोण अभ्यास करणार, तुम्हीच सांगा.

१८ फेब्रुवारी
मॅडमचं उत्तर. लिहितात, हाच तुमचा दुसरा पेपर धरते आहे. तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी बघून लिहिलंत. मार्क चांगले आहेत. आणि पुढे, तुमच्या वडिलांवर कोण उपचार करतंय?
पंकज मागे उभा राहून वाचत होता. एरवी टोमणा मारला असता त्याने. आज जाऊन चहा सांगून आला.
आधी राग आला. मग तो विलायती म्हातारा आठवला. ओळ न् ओळ माझ्या हाताने उतरवलेली. तेव्हा अण्णा दाराबाहेर होते आणि मी आतून कडी लावली होती.

३ मार्च
पुणे. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून. मी म्हटलं, दोनतीन महिने. वृषालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गेल्या वर्षीच्या संक्रांतीपासूनचं एकेक सांगत गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं, आता फक्त सांभाळायचं.
आपण काय करता, त्यांनी मला विचारलं. शाळेत शिकवतो म्हटलं.

१४ जून
उपमुख्याध्यापक आबासाहेब. हार घातला. सकाळी अण्णांना आंघोळ घालावी लागते, म्हणून पहिला तास उशिरा मागितला. हसतील वाटलं होतं. लगेच दिला. हसले असते तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर
डिग्री आली. अगदी काठावर पास. शेवटचा प्रबंध अण्णांवरच होता. निम्मं वृषालीला विचारून लिहिलं, कारण तिने पाहिलं होतं आणि मी नाही.
दुपारी अण्णा ओट्यावर उन्हात बसले होते. डिग्री त्यांच्या हातात दिली. मिळाली, म्हटलं. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली, उलटा करून पाहिला. मग मला हात जोडले. म्हणाले, लई ब्येस झालं मास्तर. माझा पोरगाबी हेच शिकतोय, मेंदूचं. लई हुशार हाय. त्याचा कागद आला की तुमाला दावीन.
दाखवा, म्हटलं.